कॉम्प्युटर सुरू होताच आपोआप उघडणारे प्रोग्राम कसे बंद करायचे?

लॅपटॉपचं बटण दाबलं, डेस्कटॉपही दिसला, पण ब्राउझर उघडायला अजून दोन मिनिटं थांबावं लागतंय? ४ जीबी रॅम आणि हार्ड डिस्कवाल्या जुन्या लॅपटॉपवर हे हमखास होतं. आपण टाकलेली बरीच सॉफ्टवेअर स्वतःला स्टार्टअपच्या यादीत घालून घेतात. विंडोज सुरू झालं की न बोलावता सगळी एकदम उठतात आणि डिस्कवर झुंबड उडते.

ही यादी बघण्यासाठी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. विंडोज १० मध्ये वर 'स्टार्टअप' हा टॅब आहे (खिडकी लहान दिसली तर आधी खाली 'मोअर डिटेल्स'वर क्लिक करा), तर विंडोज ११ मध्ये डाव्या बाजूला 'स्टार्टअप ॲप्स' दिसेल. नको त्या प्रोग्रामवर राइट क्लिक करून 'डिसेबल' करा. झालं! प्रोग्राम डिलीट होत नाही, फक्त आपोआप उघडत नाही. हवा तेव्हा आयकॉनवर क्लिक करून उघडता येतो.

तिथेच 'स्टार्टअप इम्पॅक्ट' नावाचा रकाना आहे. सुरू होताना १ सेकंदापेक्षा जास्त प्रोसेसरचा वेळ किंवा ३ एमबीपेक्षा जास्त डिस्कचं काम झालं, की विंडोज तिथे 'हाय' लिहितं. आजच्या मानाने ३ एमबी म्हणजे काहीच नाही. त्यामुळे एसएसडी असेल तर 'हाय' बघून लगेच घाबरू नका. मी स्वतः इम्पॅक्टपेक्षा एकच प्रश्न विचारतो: हे मला रोज लागतं का? गाण्यांचं ॲप, गेमचा लाँचर, मीटिंगचं ॲप, प्रिंटरचा मदतनीस... यातलं सकाळी सकाळी काहीच लागत नाही, मग बंद!

पण सरसकट सगळं बंद करू नका. विंडोज सिक्युरिटी, टचपॅड आणि साउंडशी संबंधित नावं तशीच राहू द्या. सगळ्यात जास्त जपायचं ते वनड्राइव्हला. कॉलेजचा प्रोजेक्ट तुम्ही त्याच्या फोल्डरमध्ये ठेवत असाल आणि ते डिसेबल केलं, तर तुम्ही स्वतः उघडेपर्यंत नवीन फाइल्स क्लाउडवर जाणारच नाहीत. लॅपटॉप बिघडला की मग पंचाईत. मराठी टायपिंगसाठी वेगळं सॉफ्टवेअर टाकलं असेल तर तेही बघा, नाहीतर दुसऱ्या दिवशी देवनागरी का उमटत नाही म्हणून डोकं खाजवत बसाल. अनोळखी नाव दिसलं तर राइट क्लिक करून 'सर्च ऑनलाइन' करा, मग ठरवा.

फरक किती पडला हे मोजायचं असेल तर आधी आणि नंतर दोन्ही वेळा 'रीस्टार्ट' करूनच मोजा. 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शट डाउन करताना विंडोज स्वतःचा काही भाग डिस्कवर साठवून ठेवतं, त्यामुळे तुलना फसते. स्टार्टअपच्या पानावर 'लास्ट बायॉस टाइम' दिसतो, तो विंडोज सुरू होण्याआधीचा वेळ. तो यामुळे कमी होणार नाही.

आणि हो, काही ॲप्स अपडेट झाल्यावर पुन्हा यादीत येऊन बसतात, तेव्हा महिन्यातून एकदा डोकावून बघा.