थंड नूडल्सचा प्रवास

आपल्याकडे संक्रांतीला तीळ भाजला की घरभर जो खमंग वास दरवळतो, तोच वास न्यूयॉर्कमधील एका चिनी पदार्थाचा प्राण आहे. हा पदार्थ म्हणजे तिळाच्या दाट रसात कालवलेल्या थंडगार नूडल्स. त्यांचे माहेर चीनमधील सेचुआन प्रांत. तेथे उन्हाळ्यात उकडलेल्या नूडल्सना तेल लावून पंख्याने वारा घालतात आणि मग त्यांवर तीळ, मिरची, व्हिनेगर घालून खातात.

हा पदार्थ अमेरिकेत उशिरा पोहोचला, याला कारण स्वयंपाकघराबाहेरचे होते. १८८२ साली अमेरिकेने चिनी मजुरांना प्रवेशबंदी केली. व्यापाऱ्यांना मात्र सवलत होती. आणि १९१५ मध्ये एका न्यायालयाने उपाहारगृहाच्या मालकाला व्यापारी मानले, तेव्हा चिनी भोजनगृहे झपाट्याने वाढली. कढईने दार उघडले, असेच म्हणावयाचे! परंतु तेथील पाककला मुख्यतः दक्षिणेकडील ग्वांगडोंगची होती. १९४३ साली बंदी उठली, तीही वर्षाला अवघ्या १०५ जणांपुरती. हा कृपणपणा १९६५ च्या कायद्याने संपविला. १९४९ नंतर तैवानला गेलेले अनेक आचारी त्यानंतर न्यूयॉर्कला आले. त्यांतील शॉर्टी टांग या सेचुआनी आचाऱ्याच्या चायनाटाउनमधील 'ह्वा युआन' उपाहारगृहाने या नूडल्सना कीर्ती मिळवून दिली. पुढे ते बंद पडले. २०१७ मध्ये त्याच्या मुलाने ते पुन्हा सुरू केले.

घरी करावयाच्या तर तिळाविषयी आग्रह धरावा. चिनी लगदा चांगल्या भाजलेल्या तिळांचा असतो. पश्चिम आशियातील फिकट ताहिनीला तो खमंगपणा नाही. अमेरिकेत त्यात शेंगदाण्याचे लोणी मिसळले गेले. शुद्धतावादी नाक मुरडतील, पण भुईमूग हा मुळात दक्षिण अमेरिकेचाच, चीनमध्येही तो पाहुणा म्हणूनच आला. तेव्हा तक्रार कशाला?

गव्हाच्या नूडल्स किंचित कच्चट राहतील इतपत उकडून थंड पाण्याखाली खळखळून धुवाव्यात, म्हणजे पिष्ट निघून जाते व त्या चिकटत नाहीत. पाणी पूर्ण निथळू द्यावे, नाहीतर रस पातळ होऊन पसरतो. मग थोडे तिळाचे तेल चोळावे. तिळाचा लगदा, शेंगदाण्याचे लोणी, सोयासॉस, तांदळाचे व्हिनेगर, साखर, ठेचलेले आले-लसूण आणि मिरचीचे तेल एकत्र घोटावे. लगदा प्रथम घट्ट होतो. घाबरू नये, चमचा-चमचा पाणी घालीत गेल्यास तो मऊ होतो. रस पानात वाढतानाच मिसळावा, कारण थांबल्यास नूडल्स तो शोषून कोरड्या पडतात. वर काकडीचे लांब काप आणि शेंगदाण्याचे जाडसर कूट.