टेंभुर्णीची गाडी, अकलूजचा टायर

अकलूजच्या एसटी स्थानकावर 'गाडी गेली का?' असे कुणी विचारले, तर तो बसची चौकशी करीत असतो. तेच वाक्य साखर कारखान्याच्या वजनकाट्यापाशी कानी पडले तर ते उसाच्या गाडीविषयी, आणि घराच्या ओट्यावर पडले तर बहुधा थोरल्या मुलाच्या मोटारसायकलीविषयी. ऐकणाऱ्याचा घोटाळा होत नाही. घोटाळा होतो तो वाङ्मयाच्या वर्गात. जुन्या कथेतील सासुरवाशीण 'गाडीने माहेरी आली' असे वाचताना विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे चारचाकी मोटार उभी राहते, आणि धूळ, घुंगरे, दिवसभराची वाट हे सारे त्या वाक्यातून निसटून जाते.

वाहनांच्या नावांत असा प्रदेशभेद सर्वत्र आढळतो. स्पॅनिशमध्ये बसला क्यूबात 'ग्वाग्वा' म्हणतात, मेक्सिकोत 'कामिओन'. आणि स्पेनमध्ये 'कामिओन' म्हटले की मालट्रक. तेथील अकादम्यांनी अमेरिका खंडातील अशा शब्दांचा स्वतंत्र कोश २०१० साली काढला. आमच्याकडे सामग्री कमी नाही. नागपूर-चंद्रपुराकडे बैलगाडीला 'बंडी' म्हणतात. वऱ्हाडात बसावयाच्या हलक्या गाडीस 'रेंगी', अन्यत्र 'दमणी', आमच्या बाजूस 'छकडा'. माणसे कोंबून नेणारी जीप सातारा, सांगली, सोलापूर या पट्ट्यात 'वडाप' होते, तर मराठवाड्यात तिच्या रंगावरून 'काळी-पिवळी'. गोव्यात मोटारसायकलवरून भाडे नेणारा मनुष्यच 'पायलट'. 'टमटम' तर मूळची घोड्याची. घोडा गेला आणि ते नाव सहा आसनी रिक्षेने उचलले. 'रथ' हा शब्द पुराणांत उरला असे वाटावे, तर आषाढात तुकोबांची पालखी अकलूजला येते ती बैलांच्या रथातून. म्हणजे वाहनात वाहन!

पण या सर्वांची आई जी बैलगाडी, ती तरी किती जुनी? आम्ही तिला अनादि समजत होतो. वस्तुस्थिती अशी की एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत देशावरील बराचसा माल लमाणांच्या तांड्यांतून, बैलांच्या पाठीवरून जाई. गाड्या होत्या, परंतु भरीव चाकांच्या, अवजड आणि थोड्या. १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट हे अधिकारी इंदापूर तालुक्याची महसुली मोजणी करीत होते. त्याच काळात त्यांचे सहकारी लेफ्टनंट गेसफर्ड यांनी सुधारित, हलकी गाडी तयार करण्याचा कारखाना टेंभुर्णीस काढला. टेंभुर्णी अकलूजहून फार दूर नाही. म्हणजे ज्या गाडीला आम्ही ग्रामीण साहित्यात मातीइतकी प्राचीन मानतो, तिचा एक उगम मोजणीखात्याच्या साहेबाच्या खटपटीत, आमच्या शेजारीच आहे. पुढे १८५३ साली मुंबई-ठाणे मार्गावर आगगाडी धावली. तोवर 'गाडी' म्हटले की ओढणारे जनावर गृहीतच असे; ते सांगण्याची गरज गाडीला आग लागल्यावर वाढली!

आता ऊस. १९३० च्या दशकात माळीनगरचा कारखाना उभा राहिला, पुढे अकलूजलगत यशवंतनगरचा सहकारी कारखाना आला, आणि दर हंगामास बीडकडून तोडणीच्या टोळ्या येऊ लागल्या. त्यांच्याबरोबर मराठवाड्याची बोली येते, आणि येथे तिला कारखान्याची परिभाषा भेटते. 'गाडी सेंटर' म्हणजे स्वतःची बैलगाडी घेऊन आलेल्यांचे. 'टायर सेंटर' म्हणजे कारखान्याने दिलेल्या रबरी चाकांच्या गाडीला स्वतःचे बैल जुंपणाऱ्यांचे. आणि ज्यांच्यापाशी गाडीही नाही, बैलही नाहीत, जे मोळ्या डोक्यावरून वाहून ट्रक भरतात, त्यांचे 'डोकी सेंटर'. तिसऱ्या नावापाशी आम्ही थबकलो. या वर्गवारीत माणसाचे डोके हेही एक वाहन आहे, गाडी आणि टायर यांच्या रांगेत, सर्वांत खालचे. नवराबायको मिळून येथे एक 'कोयता' होतात; एकटा माणूस 'अर्धा कोयता'. बोली अर्थ किती निर्विकारपणे नोंदवते, याचा याहून थेट पुरावा आम्हांस ठाऊक नाही.

मुंबईच्या रस्त्यांवरून 'शिग्राम' केव्हाच नाहीसे झाले. त्यात साहेब आणि शेटसावकार बसत, म्हणून जुन्या कोशांत त्याला जागा मिळाली. 'टायर'चे काय? कोशात अर्थ देणारच असाल तर पहिला अर्थ रबरी चाक, हे ठीक. दुसरा अर्थ लिहिण्यासाठी मात्र कोशकाराला पहाटे अकलूजच्या रस्त्यावर उभे राहावे लागेल. उसाने शिगोशीग भरलेली गाडी येते, जुवाखाली दोन बैल, पुढे कासरा धरलेला बाप, आणि वर मोळ्यांवर पोरे निजलेली.