जुलैचा पूर आणि खजिनदाराची वही

गावातल्या सेवाभावी क्लबचा इतिहास लिहायचा तर आपण अध्यक्षांच्या फोटोंपासून सुरुवात करतो. मी म्हणेन, आधी खजिनदाराची वही मागा.

नागोठण्याचं उदाहरण घ्या. जुलै 1989 मध्ये अंबा नदीला महापूर आला. वर सुधागड तालुक्यात जांभूळपाडा उद्ध्वस्त झालं, खाली नागोठण्यातही पाणी शिरलं. अशा वेळी लायन्स किंवा रोटरीसारखा क्लब मदतीला धावतो. पण तो पैसा वहीत कुठे शोधायचा?

पहिली गोची वर्षाची. या क्लबांचं वर्ष 1 जुलैला सुरू होतं. म्हणजे पूर आला तेव्हा नवा खजिनदार जेमतेम तीन आठवडे पदावर! क्लबचा नोंदणीकृत न्यास असेल, तर त्याचा हिशेब साधारण एप्रिल ते मार्च. समजा घरदुरुस्तीचा खर्च मे 1990 पर्यंत चालला. क्लबच्या लेखी तो त्याच वर्षाचा, न्यासाच्या लेखी पुढच्या. '1989-90' एवढंच वाचून आकडे जुळवायला गेलात तर फसलात.

दुसरी गोष्ट, पैसा कोणाचा. लायन्सचा नियम कडक आहे: लोकांकडून गोळा केलेला पैसा सेवेलाच, सभेचा चहा, टपाल, छपाई सभासदांच्या वर्गणीतून. त्यामुळे मदतनिधी भरलेला आणि टपालाला पैसे नाहीत, असंही होऊ शकतं. हा गैरव्यवहार नव्हे, उलट शिस्त पाळल्याची खूण.

मला सगळ्यात बोलका वाटतो तो अनुसूची 9-क हा रुक्ष तक्ता. 1950 च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली न्यासांना उत्पन्नाच्या 2 टक्के अंशदान धर्मादाय खात्याला द्यावं लागे (2009 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वसुलीला स्थगिती दिली). त्यातून वजावट कशाची? शिक्षण, वैद्यकीय मदत आणि पूर-दुष्काळासाठी आलेल्या देणग्यांतून झालेला खर्च, वगैरे. साहजिकच 'भांडी व चादरी' ऐवजी 'पूरग्रस्त मदत' लिहिणं सोयीचं. खर्च खराच, पण घरात नेमकं काय पोचलं ते त्या शब्दामागे झाकलं जातं.

आणि दुकानदाराने फुकट दिलेला तांदूळ, कुणीतरी डिझेलसकट दिलेला टेम्पो? रोख हलली नाही की बहुतेकदा नोंदच नाही. अशा मदतीचा माग लागला तर इतिवृत्तात, नाहीतर पावतीपुस्तकाच्या मागे पेन्सिलीने केलेल्या टिपणात. तेव्हा घरात कुणी कधीकाळी खजिनदार असेल, तर तो गठ्ठा रद्दीत घालण्याआधी एकदा उघडून बघा.