टायबेरियसच्या तरवारीचें म्यान

१८४८ सालीं जर्मनींत माइन्झ येथें सांपडलेली एक रोमन तरवार लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्यें आहे. तिची प्रतिकृति करूं पाहणाऱ्या कारागिराला दुधारी पातें जमेल. खरी परीक्षा म्यानाची. कांशाच्या पातळ पत्र्यावर कल्हई, सोन्याचा मुलामा, आणि वर उठावाचें चित्र! त्यांत एक सेनापति आसनस्थ पुरुषाला विजयदेवतेची मूर्ति अर्पण करीत आहे. पुष्कळ पंडितांच्या मतें बसलेला ऑगस्टस, देणारा टायबेरियस. परंतु आसनस्थाच्या हाताखालील ढालीवर अक्षरें आहेत तीं 'टायबेरियसचें भाग्य' अशा अर्थाचीं. म्हणून कांहींना तोच टायबेरियस वाटतो. पंडित दोन्ही मतें टीपेंत देऊन मोकळा होतो. कारागिराला मात्र पत्र्यांतून एकच चेहरा उठवावयाचा असतो. मला विचाराल तर तो ऑगस्टसचाच असावा; ज्युपिटरच्या थाटांत बसणें त्यालाच शोभतें.