वासाची नोंद : तुर्भे बेटावरील एका संशोधनाचा इतिहास

मुंबईच्या आजच्या नकाशावर तुर्भे हे बेट शोधू गेल्यास सापडत नाही. (खाडीपलीकडे नव्या मुंबईतही एक तुर्भे आहे, येथे अभिप्रेत आहे ते इंग्रजांनी ज्याचे 'ट्रॉम्बे' केले ते.) साष्टीच्या पूर्वेस असलेले हे बेट भराव घालून व खाड्या बुजून मुख्य भूमीसारखे झाले, आणि त्याचे बेटपण केवळ जुन्या कागदांत उरले. त्याच्या किनाऱ्यावर माहूल हे कोळ्यांचे जुने गाव आहे. १९५४ साली या परिसरात स्टॅनव्हॅक कंपनीचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला, १९५५ साली बर्मा-शेलचा. हेच कारखाने पुढे अनुक्रमे हिंदुस्थान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम झाले. औष्णिक वीजकेंद्र आले, १९६५ मध्ये खतकारखाना आला. स्वतंत्र भारताच्या औद्योगिक इतिहासात या तारखा अभिमानाने सांगितल्या जातात, आणि तो अभिमान सर्वस्वी खोटा आहे असे आम्ही म्हणणार नाही. मात्र माहूल-अंबापाडा-चेंबूर येथे राहणाऱ्यांच्या दृष्टीने त्याच तारखा वासाच्याही तारखा आहेत.

या वासाचा अभ्यास प्रथम कोणी केला? रूढ उत्तर देणे सोपे आहे. केईएम रुग्णालयातील छातीच्या विकारांचे तज्ज्ञ डॉ. एस. आर. कामत व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ पासून मुंबईतील तीन वस्त्या आणि तुलनेसाठी एक ग्रामीण वस्ती घेऊन हवा व आरोग्य यांचा संबंध तपासला. त्या तीन वस्त्यांत चेंबूर होते. पहिल्या वर्षाचे निष्कर्ष १९८० साली प्रसिद्ध झाले. या कामाचे मोल फार मोठे आहे, कारण तुलनेची वस्ती घेतल्याशिवाय 'येथे खोकला अधिक आहे' या विधानाला अर्थ येत नाही. तरीही संशोधनाचा आरंभ प्रश्नावली छापली जाते त्या दिवशी होतो असे मानणे आम्हांस पटत नाही. अमुक वस्तीत जाऊन विचारावे, ही गोष्ट वैद्यकाला कोणीतरी आधी सांगितलेली असते. बहुधा ते सांगणे दवाखान्याच्या बाकावर, कुरकुरीच्या स्वरूपात झालेले असते.

साहित्याच्या अभ्यासकांनी या प्रकरणाकडे का पाहावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. आमच्या मते प्रश्न मुळात भाषेचा आहे. २०१३ साली केईएमच्या वतीने माहूल व अंबापाडा येथे आरोग्य-पाहणी झाली. सुमारे दोन-तृतीयांश लोकांना महिन्यातून तीनहून अधिक वेळा धाप लागते, आणि डोळे चुरचुरणे व गुदमरणे यांचे प्रमाण त्याहूनही जास्त आहे, असे तीत आढळले. हे आकडे पुढे न्यायाधिकरणासमोर गेले व तेथे त्यांना वजन प्राप्त झाले. आता हे आकडे कशाचे बनले आहेत ते पाहावे. 'मला धाप लागते', 'माझे डोळे जळतात' ही रहिवाशांचीच वाक्ये आहेत. तीच वाक्ये रहिवासी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कचेरीत अर्जात लिहितो तेव्हा त्यांना 'तक्रार' म्हणतात, आणि पाहणी करणारा ती मोजून तक्त्यात मांडतो तेव्हा त्यांना 'माहिती' म्हणतात. वाक्य तेच राहते. प्रथमपुरुषातून ते तृतीयपुरुषात गेले, एवढाच व्याकरणिक फरक पडलेला असतो. पण त्या फरकावर माणसांचे राहणे-न राहणे ठरते.

दुसरी एक गोष्ट अधिक गंभीर आहे. हवेच्या शुद्धतेची जी राष्ट्रीय मानके १९९४ साली ठरली त्यांत गंधक व नत्र यांची संयुगे, धूलिकण, शिसे, कार्बन मोनॉक्साइड यांना स्थान होते, बेंझीनला नव्हते. ते आले नोव्हेंबर २००९ च्या सुधारित मानकांत. टोल्युईनचे नाव त्यांतही नाही. साठवणटाक्या भरताना-रिकाम्या करताना ज्या बाष्पशील संयुगांची वाफ सुटते, त्यांतील बहुतेकांसाठी तक्त्यात रकानाच नव्हता. साहजिकच रहिवासी वासाविषयी बोलत आणि यंत्रणा धुळीविषयी उत्तर देई. शिवाय मानकांशी तुलना होते ती बहुतांशी चोवीस तासांच्या किंवा वर्षाच्या सरासरीची. रात्री वास वाढतो, ही माहूलची जुनी तक्रार. रात्रीच्या दोन तासांचा झोत चोवीस तासांच्या सरासरीत विरघळून जातो. नाकाला मात्र सरासरी कळत नाही. या अर्थाने नाक हे त्या काळातील अधिक बारकाईचे उपकरण होते, असे म्हणावयास हरकत नाही.

आमच्या भागातही याला समांतर अनुभव आहे. पणदरे परिसर नीरा डाव्या कालव्याच्या बागायतीत मोडतो. १८८५ च्या सुमारास कालव्याचे पाणी आले आणि काही वर्षांतच खोऱ्यातील चांगल्या काळ्या जमिनीला मीठ फुटू लागले. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरोल्ड मान व त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातील या क्षारयुक्त जमिनींवर १९१० साली स्वतंत्र पुस्तिका प्रसिद्ध केली. ती अभ्यासूंनी अवश्य पाहावी. पण चोपण, खारवट, पाणथळ हे भेद करण्यासाठी येथील शेतकऱ्याला प्रयोगशाळेची गरज पडत नाही. नांगराला माती कशी लागते, पाणी किती वेळ तुंबते, यांवरून तो ते करतो. हे शब्द म्हणजे आधीच झालेल्या निरीक्षणांचे निष्कर्ष आहेत. त्या संशोधनाला मुखपृष्ठ नाही, एवढेच.

याच स्वरूपाचा एक प्रयत्न दूरच्या एका खऱ्याखुऱ्या बेटावर झाला, आणि तेथे लोकांनी एक पाऊल पुढे टाकले. बेरिंग समुद्रातील सेंट लॉरेन्स बेटाला तेथील युपिक लोक सिवुकाक म्हणतात. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेने तेथे लष्करी तळ उभारला आणि १९७० नंतरच्या दशकात पिंपे, इंधन, विद्युत्-उपकरणांतील तेले मागे टाकून तो सोडून दिला. सावूंगा गावच्या आरोग्यसेविका ॲनी अलोवा यांच्या ध्यानात आले की, तळाजवळ शिकारीला व मासेमारीला जाणाऱ्या कुटुंबांत कर्करोग व गर्भपात अधिक दिसतात. त्यांनी अनेक वर्षे दाद मागितली. १९९९ साली त्या स्वतःच कर्करोगाने गेल्या. त्यानंतर बेटवासीयांनी अलास्कातील एका संघटनेच्या व न्यूयॉर्क राज्यातील विद्यापीठीय शास्त्रज्ञांच्या साहाय्याने रक्ताचे व परिसराचे नमुने तपासले. प्रश्न कोणते विचारायचे, हे ठरविण्यात गावाचा वाटा होता. रक्तात पीसीबी या घातक रसायनांचे प्रमाण सर्वसाधारण अमेरिकी माणसापेक्षा जास्त निघाले.

सिवुकाकवर सगळे एकमेकांना ओळखतात. कोणाच्या घरी कोण आजारी पडले हे पिढ्यान् पिढ्या स्मरणात असते. माहूलला असे नव्हते. तेथे कोळ्यांचे मूळ गाव होतेच. शिवाय प्रकल्पग्रस्तांसाठी बांधलेल्या बहुमजली इमारतींत तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या पाडल्यावर, मुख्यतः २०१७ पासून, हजारो कुटुंबे आणून ठेवली गेली. त्यांना ना जुन्या वासाची आठवण होती, ना शेजाऱ्याच्या नावाची. या माणसांनी आपल्या वसाहतीतील आजारी व मृत व्यक्तींच्या याद्या स्वतः केल्या. यादी हा लेखनप्रकार आपण वाङ्मयात धरीत नाही. परंतु परस्परांना अनोळखी असलेल्या माणसांची वस्ती करण्याचे काम येथे यादीने केले, असे आम्हांस वाटते.

याद्यांची मर्यादाही सांगितली पाहिजे. आधी किती मृत्यू होत होते हे ठाऊक नसेल, तर आता ते वाढले असे सिद्ध करता येत नाही. दारिद्र्य, जुना क्षय, कोंदट घरे यांचा वाटा वेगळा काढावा लागतो. लहान वस्तीत संख्याशास्त्राला पुरेशी संख्याच मिळत नाही. येथे कामतांच्या तुलनेच्या वस्तीचे महत्त्व पुन्हा जाणवते. मात्र हे पुराव्याचे ओझे नेहमी श्वास घेणाऱ्यावरच का असावे, या प्रश्नाचे उत्तर संख्याशास्त्रात नाही.

न्यायालयांनी ते ओझे काही अंशी हलके केले. चारुदत्त कोळी व इतर रहिवाशांच्या अर्जावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे येथील पश्चिम विभागीय पीठाने डिसेंबर २०१५ मध्ये या भागातील हवेचा आरोग्याला धोका असल्याचे मान्य केले. ऑक्टोबर २०१८ पासून माहूलच्या विस्थापितांनी विद्याविहारला पदपथावर ठाण मांडले. आयआयटी, मुंबईचा अहवालही लोकांना तेथे ठेवण्याच्या विरोधात गेला. एप्रिल २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने पर्यायी घर मिळेपर्यंत दरमहा १५,००० रुपये भाडे देण्याचा आदेश दिला, आणि सप्टेंबरमध्ये कोणालाही माहूलला राहण्याची सक्ती करता येणार नाही असे ठरविले. ऑगस्ट २०२० मध्ये न्यायाधिकरणाने दोन तेलकंपन्या व दोन साठवण-कंपन्या यांना मिळून सुमारे २८६ कोटी रुपयांची भरपाई ठोठावली.

हे सर्व निकाल इंग्रजीत आहेत. त्यांत रहिवाशांचे म्हणणे प्रतिज्ञापत्राच्या भाषेत येते : सदर क्षेत्रात तीव्र गंध जाणवतो, श्वसनास अडथळा होतो, वगैरे. माहूलच्या कोळणीने हे मुळात कोणत्या शब्दांत सांगितले असेल, ते या कागदांवरून कळत नाही. मराठीत वास, दर्प, घाण, उग्र, कुबट, खमंग असे वासाचे कितीतरी भेद आहेत, आणि तेलाच्या वाफेला त्यांतला एकही नीट लागू पडत नाही. त्या वस्तीने तिच्यासाठी काही शब्द नक्कीच घडविला असणार. तो नोंदवून घेण्याचे काम रसायनशास्त्राच्या विभागाचे नाही.