हर्णैचे साहेब मास्तर

गणपतीपुळ्याला गेलं की देवदर्शन, समुद्र आणि मोदक झाल्यावर माणसं सहसा परत फिरतात. आम्ही पायांना जरा व्यायाम म्हणून शेजारच्या मालगुंडला गेलो. केशवसुतांचं घर, तिथलं स्मारक. केशवसुत इंग्रजी कविता वाचून मराठी कविता लिहिणारे आणि पोटासाठी शाळामास्तरकी करणारे. ते पाहताना डोक्यात किडा वळवळला: या किनाऱ्यावर इंग्रजी शिकवणारे सर्वांत आधी आले कोण?

त्यासाठी उत्तरेला जावं लागतं. जयगडला फेरीबोटीत गाडी चढवायची, तवसाळला उतरायचं, गुहागर ओलांडून धोपाव्याहून पुन्हा फेरीबोट, दाभोळ, दापोली, हर्णै. (रस्त्यांबद्दल लिहायला बसलो तर मूळ विषय राहील.) तिथून आणखी वर, सावित्रीच्या मुखाशी बाणकोट. १८२३ साली स्कॉटिश मिशनरी सोसायटीचा डोनाल्ड मिचेल या भागात आला. काही महिन्यांतच वारला. त्याच्यामागून क्रॉफर्ड, स्टीव्हन्सन, नेस्बिट वगैरे मंडळी आली आणि बाणकोट-हर्णैला राहू लागली.

गंमत अशी की हे लोक इथे आधी शिकवायला नव्हे, शिकायला बसले. मराठी! शाळा काढल्या त्या मराठी, आणि त्यात शिकवणारे पंतोजी बहुधा ब्राह्मण. १८२९ मध्ये जॉन विल्सन आणि त्याची बायको मार्गारेट मुंबईत उतरले. तो २४ वर्षांचा. तेही मराठी शिकायला थेट हर्णैला आले. आमच्यातले लोक ऑनसाइटला तीन-तीन वर्षं काढून येतात आणि तिथल्या भाषेत 'धन्यवाद'च्या पुढे जात नाहीत, त्या हिशेबाने ही चिकाटी मानायलाच हवी. मार्गारेटने मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या आणि १८३५ मध्ये ती तिथेच गेली. विल्सनची इंग्रजी शाळा १८३२ ची, तीच पुढे विल्सन कॉलेज.

लोकांना इंग्रजी हवं होतं, बायबल नको होतं. मास्तरांना बायबल द्यायचं होतं, इंग्रजी हे त्याचं वेष्टन. दोन्ही बाजूंना हे ठाऊक होतं आणि तरी सौदा चालू होता. १८३९ मध्ये शाळेतल्या पारशी मुलांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा तो मोडला. प्रकरण कोर्टात गेलं, शाळा जवळपास ओस पडली.

पण मला स्वतःला या मास्तरांचं काय झालं ते जास्त ओढून घेतं. स्टीव्हन्सनचंच बघा. हर्णैला धर्म सांगायला आलेला हा माणूस. १८३३ मध्ये त्याने मराठीचं व्याकरण छापलं, १८३४ मध्ये मिशन सोडून कंपनी सरकारचा पाद्री झाला आणि १८४२ मध्ये त्याने केलेलं सामवेदाचं इंग्रजी भाषांतर बाहेर आलं. पुढे लेण्यांमधले शिलालेख वाचत बसला. आपला धर्म त्याने सोडला नाही. तरी दुसऱ्याचा धर्म खोडायला म्हणून उघडलेलं पुस्तक माणूस आयुष्यभर वाचत राहतो, तेव्हा आत काहीतरी हललेलं असणारच. असं आपलं माझं मत.

आणि रॉबर्ट नेस्बिट. हर्णैहून मुंबईच्या शाळेत गेलेला, मराठी फर्डं बोलणारा. १८४३ साली स्कॉटलंडचं चर्च फुटलं. भांडण काय, तर चर्चच्या कारभारात सरकार आणि जमीनदारांनी ढवळाढवळ करावी का. विल्सन तेव्हा मायदेशाच्या वाटेवर. नेस्बिट आणि मरे मिचेल यांनी मुंबईत बसून ठरवलं, बाहेर पडायचं. नवी इमारत तयार होत आली होती. ती, पुस्तकं, उपकरणं, सगळं जुन्या चर्चला देऊन ही मंडळी मोकळी झाली.

त्याच वर्षी त्याच नेस्बिटच्या हाताखालच्या नारायण शेषाद्रीने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत अल्पवयीन. त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता, पण तो मिशनच्या घरात राहिला होता, तिथे जेवला होता. वडील कोर्टात गेले, कोर्टाने पोरगा त्यांच्या ताब्यात दिला. पुढे काय? घरी आला तरी जातीत नाही! प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावं, अशी बाजू बाळशास्त्री जांभेकरांनी लावून धरली आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. बाळशास्त्री कोकणातलेच, पोंभुर्ल्याचे, आणि स्वतः एल्फिन्स्टनमध्ये शिकवणारे.

इथे मी अडकतो. नेस्बिटने विवेकाला स्मरून आपलं चर्च सोडलं, ते मला थोर वाटतं. नारायणनेही तेच केलं म्हणायचं, तर मग तेही थोर म्हणायला हवं. आणि श्रीपत? त्याला कोणी विचारलं? त्याच्या वयाला विवेक असतो की नुसता थोरल्या भावाचा लळा? नेस्बिटला हा प्रश्न पडला असेल तर त्याने कुणाला सांगितला असेल, बायकोला? १८५५ मध्ये तो मुंबईत पटकीने गेला.

त्याच्या आदल्या वर्षी नारायण शेषाद्रीला पाद्रीपदाची दीक्षा मिळाली होती. पुढे त्याने जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसवलं. १८७३ मध्ये तो न्यूयॉर्कला ख्रिस्ती परिषदेत गेला आणि तिथल्या गोऱ्या लोकांपुढे उभा राहून बोलला. शाळेत शिकलेल्या इंग्रजीत.