उधळ्यांचे इंग्रजी

बी.ए.ला असताना कॉलेजच्या चाचणी परीक्षेत मी ‘स्पेंडथ्रिफ्ट’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ ‘काटकसरीने खर्च करणारा’ असा लिहिला. ‘स्पेंड’ म्हणजे खर्च करणे, ‘थ्रिफ्ट’ म्हणजे काटकसर. मग चुकले कुठे? सरांनी त्यावर लाल रेघ मारली आणि शेजारी लिहिले, ‘उधळ्या’. माझे समाधान होईना. फीच्या पैशांतून रस्त्यावरचा एक जुना शब्दकोश विकत घेऊन मी घरी आलो. अब्बा शिलाईच्या मशीनवर बसले होते. त्यांनी किंमत विचारली आणि तोच शब्द उच्चारला, ‘उधळ्या!’

एका दिवसात दोनदा मिळालेल्या या पदवीचे कूळ मी पुढे शोधत राहिलो.

‘थ्रिफ्ट’ हा शब्द इंग्रजीत उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतून आला. त्याचा मूळ अर्थ काटकसर नव्हताच. भरभराट होणे, नांदणे, फोफावणे या अर्थाच्या ‘थ्राइव्ह’ या शब्दाचा तो सख्खा भाऊ. थ्रिफ्ट म्हणजे माणसाचे बरे चालणे. त्यातून पुढे बरे चाललेल्या माणसाची पुंजी हा अर्थ आला आणि सोळाव्या शतकात पुंजी राखण्याची सवय, म्हणजे काटकसर. इसवी सन 1600च्या सुमारास रूढ झालेल्या ‘स्पेंडथ्रिफ्ट’मध्ये तो मधला अर्थ गोठून राहिला आहे. साठवलेली पुंजी खर्चून टाकणारा, तो स्पेंडथ्रिफ्ट. माझी चूक झाली ती इथे.

त्याच्या आधीही इंग्रजांकडे उधळ्यांसाठी शब्द होते. ‘अनथ्रिफ्ट’ होता. ‘डिंगथ्रिफ्ट’ होता, ‘डिंग’ म्हणजे ठोकणे, बडवणे. बापाच्या पुंजीला बडवून काढणारा मुलगा डोळ्यांसमोर उभा राहतो की नाही? आणि ‘स्कॅटरगुड’ होता. यातला ‘गुड’ म्हणजे चांगले नव्हे, तर मालमत्ता. ती विखरून टाकणारा. बोलण्यातून हा शब्द आता गेल्यातच जमा आहे, पण आडनाव म्हणून टिकला. गंमत पाहा, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचे थॉमस स्कॅटरगुड (1748-1814) हे क्वेकर धर्मोपदेशक होते, आणि क्वेकर पंथाची ख्याती साध्या राहणीची!

विखरण्याचे हे चित्र आपल्यालाही परके नाही. आपण गुलाल उधळतो, पैसा उधळतो आणि बिथरलेला घोडाही उधळतो. लॅटिनमधून इंग्रजीत आलेल्या ‘प्रॉडिगल’ या शब्दाच्या मुळाशीही पुढे हाकलणे, पळवून लावणे हाच अर्थ आहे. बायबलमधल्या उधळ्या पुत्राची गोष्ट याच नावाने ओळखली जाते. मात्र 1611च्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात त्या गोष्टीच्या मजकुरात हा शब्द नाही. तो मथळ्यांतून रुळला. आज पुष्कळ इंग्रजी बोलणाऱ्यांना ‘प्रॉडिगल’ म्हणजे घरी परतलेला, असेच वाटते. बापाने क्षमा केली आणि शब्दाचा अर्थही निवळला!

पण हे सारे शब्द कोणी घडवले? ज्यांच्याकडे राखण्यासारखे काही होते त्यांनी. उधळ्याची बाजू कोणी ऐकली का? ऐकली. चौदाव्या शतकात, प्लेगच्या मोठ्या साथीनंतर लिहिलेले ‘विनर अँड वेस्टर’ नावाचे एक दीर्घकाव्य आहे. कवीचे नाव अज्ञात. विनर म्हणजे मिळवून साठवणारा, वेस्टर म्हणजे उडवणारा. दोघे सैन्य घेऊन समोरासमोर उभे ठाकतात आणि राजापुढे वाद घालतात. विनर मेजवान्यांचा हिशेब मांडतो. वेस्टर म्हणतो, तुझ्या कोठारात माल सडतो, त्याचा कोणाला उपयोग? आमच्या पंगतीवर गरिबाचे पोट तरी भरते. राजा कोणालाच दोषी ठरवत नाही. विनरला तो रोमला पोपकडे धाडतो आणि वेस्टरला लंडनच्या चीपसाइड बाजारात. काव्याचा शेवट हरवला आहे. एकुलती एक हस्तलिखित प्रत उरली, तीही अपुरी.

पुढे 1735मध्ये विल्यम हॉगार्थ या चित्रकाराने एका उधळ्याची आठ चित्रांची मालिका छापून प्रसिद्ध केली. टॉम रेकवेल वारशाचा पैसा उडवतो आणि शेवटी वेड्यांच्या इस्पितळात पोहोचतो. लोकांनी त्यातून मुलांना धडा दिला असेल. पण पहिले चित्र नीट पाहावे. त्यात मेलेल्या कंजूष बापाचे घर आहे आणि जोड्याच्या तळव्याला लावायला बायबलच्या वेष्टनाचे चामडे कापलेले दिसते. हॉगार्थने बापालाही सोडलेले नाही.

उधळपट्टीला अरबीत ‘तब्जीर’ म्हणतात. त्याच्या मुळाशी बी हा शब्द आहे. बी विखरावे तसा पैसा विखरणे. हे कळले तेव्हा मला अब्बा आठवले. शाळा उघडायच्या दिवसांत गल्लीतल्या किती तरी पोरांच्या गणवेशाची शिलाई ते निम्मी सोडून देत. अम्मी कुरकुर करी. तिला ते म्हणत, पोरं शाळेत तर जातील. त्यांना कोणी कधी उधळ्या म्हटले नाही. मूठ तीच असते. ती कुठल्या जमिनीवर उघडली, एवढेच पाहायचे असते.

तो शब्दकोश अजून माझ्याकडे आहे. त्याची पाठ उसवली, तेव्हा अब्बांनीच ती जाड दोऱ्याने शिवून दिली होती. शिलाई अर्थातच घेतली नाही.